पाटीत बसून सलाला

१० जानेवारी, शुक्रवार. सहम

जुम्म्याची नमाज झाली, सगळे जेवायला बसले आणि भांडण झालं. सुरमईचं कालवण मी स्वतः केलं होतं. ते ताटात निवून गेलं, त्याचाच मला जास्त राग आहे.

भांडण हिबाचं आणि तिच्या बापाचं. हिबा माझी नात. मस्कतमधल्या कुरुमला एका ऑफिसात आकडे मांडते आणि शुक्रवारी तोंड पाडून घरी येते. शरीफ माझा मुलगा, त्याचं इथे मस्कतच्या वर सहममध्ये गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. पोरगी त्याच दुकानात रांगली. बाहुल्या दिल्या तर बाजूला टाकायची आणि नटबोल्ट तोंडात घालायची.

मजीद म्हणून शरीफचा जुना गिऱ्हाईक आहे, इथलाच अरब. त्याने इथून हजार किलोमीटर खाली, सलालाला धंदा काढलाय. परदेशी पाहुण्यांना फटफटीवरून डोंगर आणि वाळवंट दाखवायचं. ज्यांना फटफटी येत नाही अशा बायकाम्हाताऱ्यांसाठी कडेला पाळणा जोडलेली एक फटफटी घेतलीय. ती आमच्या दुकानामागे पडून होती, हिबाने सुट्ट्यांत बसून नीट केली. आता मजीद म्हणतो, तूच ती सलालाला आणून दे. हायवेने धूम ठोकून नको. पाहुणे फिरवतात तशी आतल्या गावागावांतून आण, पाळण्यात माणूस बसवून. वीस तारखेपर्यंत. मग बायका फिरवायचं काम तुझं, व्हिसा मी काढतो. पण कशी चालवतेस ते मी त्या बसलेल्या माणसालाच विचारणार.

शरीफ म्हणाला, "कोण बसणार तुझ्या शेजारी? दादीला बसव. जा, घेऊन जा दादीला! दादी जिथे थकले म्हणेल तिथे मी गाडी घेऊन येईन, तुला परत आणीन, आणि मग हा विषय खलास. पुन्हा काढायचा नाही."

मला कुणी विचारलंसुद्धा नाही. दाराला खीळ लावतात तसं माझं नाव लावलं.

मी काट्याजवळचा तुकडा संपवला, हात धुतले आणि विचारलं, "निघायचं कधी?"

शरीफचा घास तोंडातच राहिला. मला सलालाची हौस नाही. पण खीळ मी कुणाची होणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

ही वही हिबाची. फटफटीवर डोक्याला ते लोखंडी टोपरं घालावं लागतं, त्यात बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. कानात बोलायचं यंत्र बसवते म्हणाली, मी नको म्हटलं. मग दिवसभराचं बोलणं जाणार कुठे? म्हणून लिहीन म्हटलं. चौथी झाले आहे मी, हर्णैच्या मराठी शाळेत. अक्षर वाकडं असलं तरी माझं मला कळतं.

पाळण्यात बसून बघितलं. पाय लांब करून बसायचं, पुढे काच, बूड जमिनीला टेकल्यासारखं. जन्मभर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन विकली, आता पाटीत मीच.

खुणा ठरल्या. माझ्या काठीचे हिबाच्या पायाला दोन टोले म्हणजे हळू. एक टोला म्हणजे थांब, मी थकले.

"दादी, एक टोला नीट मार हं, मला कळलं पाहिजे."

"तू कान नको देऊ त्याला. तो यायचा नाही."

सून मुनिबाने डब्यात बोंबलाची चटणी भरली. भरताना म्हणाली, "अम्मा, तुम्ही थकू नका हं." म्हणजे मी थकेन असं तिला वाटतं. एवढी वर्षं घरात राहून सुनेने मला ओळखलं नाही.

निघायच्या आधी पोरीची नजर काढली. मीठ आणि सात सुक्या मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. असा ठसका उठला की शरीफ खोकत बाहेर पळाला आणि छताला लावलेली धुराची घंटा वाजायला लागली. ठसका आला म्हणजे नजर नाही. मिरची जळून वास आला नाही तर समजायचं, लागली. पोरीला काही नाही. बरं झालं.

१३ जानेवारी, सोमवार. इब्री

हिबाने ऑफिसात रजा टाकली, सकाळी निघालो. खाबुऱ्यापर्यंत समुद्र डाव्या हाताला होता. तिथून आत वळलो, मग नुसते डोंगर. काळे, उघडे, झाड नाही की झुडूप नाही. रस्ता मात्र ताटासारखा. मधे मधे दहा घरं, एक मशीद, खजुराची बाग, की पुन्हा डोंगर. एका गावात पोरं रस्त्यावर बॉल खेळत होती, मला बघून खेळ थांबवला. पाळण्यातली म्हातारी त्यांनी बघितली नसेल. मीही बघितली नव्हती.

हिबा सारखी थांबते. मी टोला दिला नाही, दिवसभर काठी मांडीवर आडवी होती. तरी दर थोड्या वेळाने कडेला घेते, उतरते, कमरेवर हात ठेवून वाकते. "माझी पाठ धरलीय दादी. तू पण जरा उतर ना, मला कंपनी." मी उतरते, तिच्याबरोबर चार पावलं चालते. ह्या वयात हिची पाठ अशी. मी हिच्या वयाची होते तेव्हा हर्णैहून दापोलीच्या बाजाराला पाटी घेऊन चालत जायचे.

संध्याकाळी शरीफचा फोन. आधी विचारलं, इंजिन तापलं का? मग, ब्रेक कसे लागतात? मग, डाव्या हाताला तेल गळतंय का ते बघितलं का? सगळ्यात शेवटी, "अम्मा, तू कशी आहेस?"

"मी गळत नाही," म्हटलं आणि ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार. बहला

इथे मातीची भांडी करतात. एका घराच्या अंगणात मडकी वाळत होती, ती बघायला थांबलो (हिबाची पाठ). घरातली बाई बाहेर आली, हाताला धरून आत नेलं. खजूर, कावा म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी. तिचा नवरा मस्कतला कामाला होता म्हणून तिला थोडं हिंदी. हिबाकडे बघून डोळे मोठे करून म्हणाली, "ही चालवते? एवढी गाडी? शाबास! केवढी हुशार मुलगी तुमची."

मी म्हटलं, "कसली हुशार? चहासुद्धा धड येत नाही हिला. गाडी पण अशीच, दगड बघून घालते."

असंच म्हणायचं असतं. परक्या माणसाने आपलं पोर वाखाणलं की आपण लगेच त्याचा काळा डाग दाखवायचा. बंदरावर लिलावात माझ्या पाटीत सगळ्यात चांगली सुरमई असली की मी तोंड वाकडं करून म्हणायचे, जेमतेम माल आहे आज. चांगला आहे म्हणालं की माल नासतो. माझ्या आईने कधी मला चांगलं म्हटलं नाही, म्हणून तर मी अजून धडधाकट आहे.

हिबा पेला हातात धरून बसली, प्यायलीच नाही. नंतर गावाबाहेर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. टोपऱ्यात बोलत असेल तर मला काय कळणार?

उजवा गुडघा दुखतो. हे हिला सांगायचं नाही.

१५ जानेवारी, बुधवार. आदम

इथून पुढे गाव नाही म्हणतात. नुसतं सपाट. हिबाने पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या, पेट्रोलचा डबा भरला. पंपावरच्या मशिदीच्या बायकांच्या बाजूला नमाजेआधी वजूला हातपाय धुताना मोजा काढला तर पाऊल फुगलेलं. बोटं दिसेनात. मोजा परत चढवला. पाळण्यात पाय एकाच जागी राहतो, त्याने होतं. बोटीवर खलाशांचंही व्हायचं, आमच्या ह्यांचं तर नेहमीच. ते काही थकले म्हणून परत फिरले नाहीत.

शरीफचा फोन आला. "अम्मा, चाकाचा काही आवाज?"

"उजवीकडचं घरघरतं. पाळण्याचं."

"घरघर कशी? सारखी, की वळताना?"

"थांब, करून दाखवते." मी फोनमध्ये घरघर केली. एकदा सरळ रस्त्याची, एकदा वळणाची. लॉजचा माणूस दारातून डोकावून गेला.

शरीफने मला ती पुन्हा करायला लावली. मग म्हणाला, "असाच आहे ना? नक्की असाच?"

"मी काय गाणं म्हणतेय, चुकायला?"

मग हळूच म्हणाला, "अम्मा, तुला त्रास होत असेल तर सांग ना. कशाला हट्ट?"

मी सांगितलं, मुनिबाच्या चटणीत मीठ जास्त झालंय. तेवढाच त्रास.

१६ जानेवारी, गुरुवार. गाबा

वारा. अख्खा दिवस वारा. वाळू रस्त्यावरून आडवी सरपटत जाते, ढीगच्या ढीग. ट्रक बाजूने गेला की पाळणा हलतो आणि दातांत वाळू कचकचते. उंट रस्त्याच्या मधोमध उभे, हॉर्नला भीक घालत नाहीत. मला आवडले. 

हिबाने गाडी एकसारखी ठेवली. ना झटका, ना हेलकावा. वाऱ्याचा झोत आला की ती आधीच कलती. तिला कसं कळतं कुणास ठाऊक. दिवसभर दुसरं बघण्यासारखं नव्हतंच, म्हणून तिच्याकडेच बघत होते. ओठ घट्ट, हात सैल. होडी हाकताना माझ्या बापाचे हात असे असायचे.

दोन टोले एकदाही द्यावे लागले नाहीत. चुकून काठी लागली असेल तेवढीच.

इथे एक पंप, एक चहाचं दुकान आणि झोपायला खोल्या. बास.

१७ जानेवारी, शुक्रवार. हैमा

आज पोरीने सगळं घालवलं.

दुपारी इथे पोचलो. घरघर वाढत गेली होती, शेवटी तर चाकातून कुणी दळण दळतंय असा आवाज. पंक्चरवाला पठाण चाक धरून हलवून म्हणाला, बेअरिंग गेलं. ह्या मापाचं माझ्याकडे नाही, पुढे चालवू नका. हिबाने बघितलं, तिचंही तेच म्हणणं.

मग नमाजेला गेलो. मी मोजा काढला आणि वर बघते तर ही समोर उभी.

"दादी! हे कधीपासून?"

"जन्मापासून. पाय आहे तो."

"दादी, जोक नको ना. फुटबॉल झालाय. मी एवढी थांबत होते, एवढी चालवत होते तुला, तरी..." आणि रडायला लागली. बायका बघत होत्या. मला रडणारी माणसं आवडत नाहीत. मी वजू पुरा केला.

नमाज होऊन बाहेर आले तर ही फोन ठेवत होती.

"मी अब्बाला बोलावलं. सॉरी."

"मी थकले म्हणाले?"

"नाही."

"टोला दिला?"

"नाही दादी, पण..."

"मग कुणाच्या परवानगीने बोलावलंस?"

तेव्हा तिचं तोंड सुटलं. निम्मं इंग्रजीत होतं, पण राग कुठल्याही भाषेत कळतो. "तू त्या बहलाच्या आंटीला काय सांगितलं? की मला काही येत नाही. दगड बघून घालते. मजीद अंकल तुलाच विचारणार, आणि तू तेच सांगणार ना? मला माहितेय तू तेच सांगणार. मग कशाला तुझा पाय खराब करायचा? एकदा तरी म्हणालीस का, हिबा, नीट चालवतेस?"

मी मोजा वर ओढला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं तोंडावर बोलायची आपल्यात रीत नाही.

संध्याकाळी ती खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली, जेवली नाही. मी जेवले. उद्या भांडायचं आहे, रिकाम्या पोटी जमत नाही.

१८ जानेवारी, शनिवार. हैमा

सकाळी चहाच्या दुकानात बसले होते तेवढ्यात शरीफची गाडी आली. डोळे लाल, दाढी वाढलेली. उतरला तो आधी चाकाकडे गेला. वाकून धरून हलवलं. मग माझ्याकडे आला.

"अम्मा, चल. गाडीत एसी लावलाय, मागची सीट पाडलीय, पाय लांब करून झोप. घरी डॉक्टरला..."

"मी थकले म्हणाले?"

"अम्मा, पाय बघ तुझा!"

"पाय बोलत नाही. अट माझ्या तोंडाची होती. माझ्या तोंडातून शब्द गेलेला नाही. हिने फोन केला तो हिचा मूर्खपणा. तू घरी सगळ्यांसमोर बोललास, दादी म्हणेल तिथून. आता फिरतोस? तुझ्या बापाने लिलावात बोललेला शब्द कधी मागे घेतला नाही. भाव पडला तरी नाही."

चहाच्या दुकानातले सगळे ड्रायव्हर ऐकत होते. त्यांना भाषा कळत नसेल, पण सगळे शरीफकडेच बघत होते.

हिबा म्हणाली, "अब्बा, चाकच गेलंय. तसंही आता..."

शरीफ गाडीकडे वळला. गाडीची डिकी उघडून एक पिशवी काढली. त्यात बेअरिंग होतं. त्याच मापाचं, कागदात गुंडाळलेलं. ग्रीसचा डबा होता, बेअरिंग ओढून काढायचा पंजा होता, जाड कापड होतं.

आता हे मला कळत नाही. परत न्यायला आलेला माणूस चाकाचं बेअरिंग घेऊन कशाला येतो? गाडीत राहून गेलं असेल. दुकानदाराच्या डिकीत काय काय पडलेलं असतं. आणि मुनिबाने माझ्यासाठी स्वतःचे मऊ बूट पाठवले होते, माझ्या मापाहून दोन नंबर मोठे. घरी परत यायचं म्हटल्यावर बूट कशाला पाठवायचे? ह्या बाईला आयुष्यात अंदाज येणार नाही. पाय मात्र त्यात अलगद गेला.

शरीफ रस्त्याच्या कडेला कापड टाकून पालथा झाला. हिबा शेजारी उकिडवी बसली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तो न बघता हात मागे करायचा, ती त्यात पाना ठेवायची. दर वेळी बरोबर तोच. एकदा त्याने नुसतं "हं?" केलं, ती म्हणाली, "अजून थोडं." चाक बसल्यावर त्याने ते फिरवलं. आवाज नाही. पठाणही बघायला आला होता, मान हलवून गेला.

हात पुसत शरीफ म्हणाला, "मी मागून येतो."

"कशाला? दुकान कोण बघणार?"

"तू थकलीस तर जवळ असावं."

"तुला लांब यायला लागेल मग. सलालाच्याही पुढे."

हिबा टोपरं घालत होती. काचेमागे डोळे पुसले की काय, दिसलं नाही. वाळू गेली असेल.

१९ जानेवारी, रविवार. थुमरैत

आज काही घडलं नाही. असाच रस्ता, सरळ, दिवसभर. हिबाची पाठ आज कमी दुखली म्हणायची, पण थांबली की स्वतः खाली बसून माझ्या बुटाची नाडी सैल करायची, थोडं चालवायची, मग पुन्हा बांधायची. तिला म्हटलं, नाडी बांधायला शिकवली कुणी? वाकडी बांधतेस. ती हसली. परवापासून पहिल्यांदा.

शरीफ मागे. आरशात त्याची पांढरी गाडी सारखी दिसते. जवळ येत नाही, लांब जात नाही. दुपारी एका पंपावर त्याने मला विचारलं, "अम्मा, कशी चालवते गं?"

"तुला दिसत नाही मागून?"

"दिसतं," म्हणाला, आणि लगेच टायरची हवा बघायला गेला.

रात्र थुमरैतला. उद्या घाट आणि मग समुद्र. पाय लिहिण्यासारखा नाही.

२० जानेवारी, सोमवार. सलाला

पोचलो.

आधी घाटाचं लिहिते, कारण त्यावरून पुढे सगळं झालं. थुमरैतहून निघालो की लोबानाची झाडं लागतात, खुरटी, वाकडी, काही उपयोग नाही असं वाटणारी. मग रस्ता एकदम खाली पडतो. वळणावर वळण, मागे ट्रक, पुढे ट्रक, ब्रेकचा जळका वास. खाली धुक्यासारखं निळं दिसत होतं, तो समुद्र. आमचाच. हर्णैला मी त्याच्या त्या बाजूला उभी राहायचे, आता ह्या बाजूला. वास तोच.

उन्हं समोरून येत होती म्हणून मी डोळे मिटले. एवढंच.

मजीदचं घर नारळांच्या बागेत. तो, त्याचे दोन कामगार आणि त्याची आई, सगळे बाहेर आले. आई माझ्याच वयाची, नाकावर इथल्या म्हाताऱ्या लावतात तो कडक काळा पडदा. ती लग्न होऊन सहमच्या बाजारात राहिली होती, म्हणून हिंदी झकास. मला पाळण्यातून दोघांनी धरून काढलं. पाय खाली टेकला आणि मी ओठ चावला. कुणी बघितलं नाही.

मजीदने आधी कावा दिला, खजूर दिले, शरीफची, घरच्यांची, दुकानाची खुशाली विचारली, रीतीप्रमाणे. मग माझ्याकडे वळला. "दादी, आता तुम्हीच सांगा. उद्या परदेशी म्हाताऱ्या येणार, तुमच्यासारख्या. हिच्या बाजूला बसवू का? कशी चालवते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हिबा जमिनीकडे.

मी खूप बोलले असते. सगळं तोंडाशी आलं होतं. वारा, उंट, हात सैल, हेलकावा नाही. पण परक्या दारात, चार माणसांत, पोरीच्या नव्या कामाच्या उंबऱ्यावर! असं कुणी बोलतं का? माल नासतो.

"जेमतेम," म्हटलं.

हिबाची मान अजून खाली गेली. मजीदने दाढी खाजवली. आणि शरीफ, माझा शरीफ, एकदम उभा राहिला.

"मजीद अर्बाब, ही खोटं बोलते. मी मागे होतो. घाटात ही झोपली होती."

"मी? डोळे मिटले होते, ऊन होतं."

"घोरत होतीस अम्मा! मान कलली होती. मला वाटलं, गेली की काय. हॉर्न दिला. एकदा नाही, तीनदा दिला. ट्रकवाला वळून बघायला लागला, ही उठली नाही. आणि हिबाने..." इथे तो अडकला. "हिबाने हिचं डोकं काचेवर आपटू नये म्हणून एका हाताने धरलंय का, ते मी बघितलं, तर नाही. गरजच नव्हती. डोकं हललंच नाही. उतार संपेपर्यंत."

माझा मुलगा एका दमात इतकं बोललेला मी कधी ऐकला नाही. तेही पोरीबद्दल, तेही लोकांत. अक्कल म्हणून नाही. मी त्याला काठीने ढोसलं, तरी बोललाच.

मजीदच्या आईने मला विचारलं, "त्या घाटात? झोपलीस?"

"थोडं ऊन..."

ती मजीदकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. मजीद हसायला लागला. म्हणाला, "आई म्हणते, इतकी वर्षं मी त्या घाटातून येते-जाते. मुलाच्या मोठ्या गाडीत बसूनही कधी डोळे मिटले नाहीत, खाली येईपर्यंत कलमा वाचते."

मग ती म्हातारी उठली, पाळण्याकडे गेली आणि माझ्यापुढे दोन्ही हात केले. टोपरं मागत होती. पडद्यावरून ते बसेना, मग तिने पडदा वर केला, मी पट्टा बांधला. घट्ट, कारण सैल असलं की वाऱ्यात फडफडतं, हे मला माहीत झालंय. माझी काठीही दिली तिला.

"एक टोला म्हणजे थांब," मी सांगितलं. "लागणार नाही."

हे शेवटचं निघून गेलं तोंडातून. हिबाने झटकन वर बघितलं. मी खजूर घ्यायला वळले.

त्या दोघी नारळांमधून समुद्राकडे गेल्या. मजीदचे कामगार टाळ्या वाजवत होते. शरीफ ओरडला, "हळू ने गं!" गाडी हळूच चालली होती.

काम तिला मिळालं. उद्यापासून. मजीद म्हणाला, व्हिसाचे कागद इन्शाल्ला ह्याच आठवड्यात. डॉक्टर येऊन माझा पाय बघून गेला, चार दिवस उशीवर ठेवायला सांगितला. मुनिबाला फोन केला, ती फोनवरच रडली. बुटांचं मी काही बोलले नाही. चटणीत मीठ बरोबर होतं, एवढं सांगितलं.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजेनंतर मजीदच्या आईकडे सुक्या मिरच्या मागितल्या. कशाला ते तिने विचारलं नाही. स्वतःच लोबानाचं धुपाटणं पेटवून आणलं आणि बाजूला उभी राहिली. हिबाला समोर बसवलं, ओवाळल्या, निखाऱ्यावर टाकल्या.

मिरच्या काळ्या पडल्या, फुटल्या, राख झाल्या. ठसका नाही. कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. म्हणजे पोरीला नजर लागली होती, आणि ती चांगलीच.

कुणाची लागली असेल ह्याचा विचार करते आहे. वाटेत माणूस असा भेटलाच कुठे? त्या बहलाच्या बाईने बघितलं ते अर्धी घटका. एवढे दिवस तिच्याकडे टक लावून बघत बसलेली एकटी मीच होते.